मंजूर, प्राप्त आणि नळाला

नगरपरिषदेत रुजू झाले त्या दिवशी मला टेबल मिळालं नाही, बातमी मिळाली. पाणीपुरवठा विभागाच्या कोपऱ्यात जुन्या मीटरची खोकी रचून ठेवली होती. त्यातल्या एकावर लॅपटॉप ठेवून मी पहिली प्रेसनोट लिहिली. मथळा वरूनच आला होता : शहराच्या पाणी योजनेसाठी इतके इतके कोटी मंजूर. आकडा इथे देत नाही, त्यावरून गाव ओळखू येईल. मराठवाड्यातलं, लाखाच्या आतल्या वस्तीचं, नळाला सात-आठ दिवसांनी पाणी येणारं गाव, एवढं पुरे. हे वर्णन किती गावांना लागू पडतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी चार दैनिकांत बातमी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला एक मावशी खिडकीशी उभ्या. हातात कात्रण. "पैसे आले म्हणं. मग पाणी कोणत्या तारखेपासून?"

मी अभियंत्यांकडे बघितलं. अभियंत्यांनी पंख्याकडे बघितलं.

माझा हुद्दा कागदावर ‘माहिती, शिक्षण व संवाद समन्वयक’. ऑफिसात मी ‘आयईसीवाल्या मॅडम’. नेमणूक सल्लागार संस्थेमार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्याआधी आठ वर्षं तालुक्याच्या पानावर बातम्या लिहिल्या होत्या, म्हणून मला वाटलं की काम ओळखीचंच आहे, फक्त टेबलाची बाजू बदलली. त्या मावशींना काय सांगावं हे मला सुचलं नाही, तेव्हा लक्षात आलं की आठ वर्षं मी स्वतःच ‘मंजूर’ या शब्दाचा अर्थ न विचारता तो छापत आले होते.

मग लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ बाबूंकडे जाऊन बसले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मला शिकवलं. केंद्राचं अमृत अभियान, म्हणजे शहरांच्या पाण्याच्या कामांना पैसा देणारी योजना, २५ जून २०१५ ला सुरू झालं तेव्हा त्यात ५०० शहरं होती, आमच्यासारखी गावं बाहेरच. दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ ला जाहीर झाला आणि त्यात नगरपरिषदा-नगरपंचायतींपर्यंत सगळ्यांना दार उघडलं. दहा लाखांवरच्या शहराला केंद्र प्रकल्पाचा पाव हिस्सा देणार, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश, आणि लाखाच्या आतल्या गावाला निम्मा. उरलेलं राज्य सरकार आणि नगरपरिषद मिळून.

"आता योजना शंभर रुपयांची धरा," बाबू म्हणाले. "केंद्राचे पन्नास. पण ते पन्नास एकदम येत नाहीत. वीस, चाळीस, चाळीस टक्के असे तीन हप्ते. पहिला हप्ता म्हणजे पन्नासाचे वीस टक्के. किती झाले?"

"दहा."

"तुमच्या बातमीत शंभर छापून आले. केंद्राकडून येतील ते दहा. ते खर्चून, त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र देऊन, त्रयस्थ तपासणीचा अहवाल जोडून मग पुढचे वीस मागायचे. राज्याचा हिस्सा त्याच्या जोडीनं. आणि आपला हिस्सा? टक्का बघितला तर बारीक वाटतो. पण वसुलीच नाही तर तो बारीक टक्का आणायचा कुठून?"

तो पाठकोरा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. पुढच्या दोन वर्षांत जेवढं प्रशिक्षण साहित्य पीडीएफमधून आलं, त्या सगळ्यापेक्षा तो कागद मी जास्त वेळा उघडला असेल.

मुख्याधिकारी साहेबांना म्हटलं, ऑफिसबाहेर एक फळा लावू. मंजूर किती, प्राप्त किती, खर्च किती. कोटी नकोत, शंभरातले किती एवढंच. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणजे उत्तर नाही असं होतं. "मॅडम, उगाच कुणाच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?"

फळा तिथेच राहिला.

*

नावानं पहिल्यापासून घोळ घातला. त्या वर्षांत गावात जिथे बघावं तिथे अमृत. आझादीचा अमृत महोत्सव चालू होता, तालुक्यात अमृत सरोवरांची कामं निघाली होती, पुढे रेल्वे स्थानकांसाठी अमृत भारत योजना आली. चौकात चहाचं अमृततुल्य तर होतंच. एका प्रभागात मी पंधरा मिनिटं अमृत अभियानाबद्दल बोलले. शेवटी एका काकांनी विचारलं, "म्हणजे स्टेशनला नळ बसवणार का?" त्या दिवसापासून मी ‘अमृत’ हा शब्द फक्त वरिष्ठांच्या पत्रात वापरला. लोकांशी बोलताना ‘नवीन पाणी योजना’.

दुसरा घोळ हद्दीचा. आमच्या एका बाजूला रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषद, पलीकडे ग्रामपंचायत. पलीकडे जल जीवन मिशन, माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं. अलीकडे आमची योजना, माणशी १३५ लिटरच्या हिशेबानं. दोन्हींचे पाइप एकाच महिन्यात एकाच रस्त्याच्या दोन कडांना येऊन पडले. पलीकडचे लोक आमच्याकडे यायचे आणि आमचे लोक तिकडच्या सरपंचांकडे. त्यावर मी काही तोडगा काढला असं नाही. पाइपांच्या ढिगावर खडूनं ‘न. प.’ लिहून घेतलं. पाऊस येईपर्यंत ते टिकलं.

पोस्टरचं प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. पहिला मसुदा मला तयारच मिळाला होता, प्रकल्प अहवालाच्या प्रस्तावनेवरून उचललेला. ‘दरडोई दरदिवशी १३५ लिटर प्रमाणे शुद्ध व पुरेशा दाबाने पाणीपुरवठा करण्याच्या उद्दिष्टपूर्तीकरिता जॅकवेल, ऊर्ध्ववाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र, गुरुत्ववाहिनी, उंच जलकुंभ व वितरण व्यवस्थेची कामे हाती घेण्यात येत आहेत.’ व्याकरणात एक चूक काढून दाखवा. मी तो मसुदा घेऊन पाण्याच्या टँकरपाशी उभ्या असलेल्या बायकांना वाचून दाखवला. एक आजी म्हणाल्या, "दरडोई म्हणजे? अजूनबी डोईवरूनच आणायचं का?"

सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि मसुदा तिथेच बाद झाला.

नव्या मसुद्यात मी लिटरच्या बादल्या केल्या. पंधरा लिटरची बादली धरली तर १३५ म्हणजे माणशी नऊ बादल्या. ऊर्ध्ववाहिनीचं ‘धरणातून टाकीपर्यंत पाणी चढवणारी लाइन’ केलं. जलकुंभाची टाकी केली, कारण त्याला टाकीशिवाय दुसरं काही कुणी कधी म्हणत नाही. अभियंत्यांना हे फारसं रुचलं नाही. "मॅडम, टाकी म्हणजे सिंटेक्सची पण होते," ते म्हणाले. मग ‘मोठी उंच टाकी’ यावर तडजोड झाली. नऊ बादल्यांचं पोस्टर वर पाठवलं तेव्हा तिकडून शेरा आला : ‘तांत्रिक संज्ञा वापरण्यात याव्यात.’ मी तांत्रिक संज्ञांचं एक पोस्टर करून वर पाठवलं आणि बादल्यांचं गावात लावलं. हे मी आत्ता कबूल करते आहे, कारण करार संपला.

*

फ्लेक्सबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर तेच पुराण होईल. सरकारी जाहिरातीत कुणाचे फोटो असावेत यावर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये निकाल दिला होता : फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश. मार्च २०१६ मध्ये त्यात बदल होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्री यांनाही जागा झाली. आमच्या गावात या यादीची लांबी फ्लेक्सच्या रुंदीवर ठरायची. भूमिपूजनाच्या फ्लेक्सचे सात नमुने झाले. प्रत्येक नमुन्यात एक चेहरा वाढत गेला, आणि योजनेची माहिती, म्हणजे किती किलोमीटर लाइन, किती टाक्या, काम किती महिन्यांचं, ती खाली खाली सरकत शेवटी छपाईवाल्याच्या फोन नंबरच्या ओळीत जाऊन बसली.

खरी अडचण फोटोंची नव्हती, माणसांची होती. नगरपरिषदेची मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या, मुख्याधिकारीच प्रशासक. राज्यभर तेव्हा हीच स्थिती होती. नगरसेवकांना आपण एरवी कितीही नावं ठेवली तरी प्रभागात निरोप त्यांच्यामार्फतच फिरतो. पाणी आलं नाही की रात्री अकरालाही माणूस नगरसेवकाचं दार वाजवतो, आणि नगरसेवक अभियंत्याला फोन लावतो. तो सगळा दुवाच निखळला होता. माजी नगरसेवक होते, पण पद नसलेल्या माणसाला माहिती द्यायची की नाही, दिली तर सगळ्यांना द्यायची की एकालाच, यावर ऑफिसात कुणाला निर्णय घ्यायचा नव्हता. मी सगळ्यांना एकच मजकूर, एकाच वेळी, एकाच ग्रुपवर टाकायला लागले. त्यातल्या दोघांनी तो मजकूर स्वतःचा फोटो लावून पुढे पाठवला. माझं काही बिघडलं नाही. मजकूर बरोबर होता.

*

मग खोदकाम सुरू झालं.

पाणी योजनेचं संवादाचं काम म्हणजे दहा टक्के पाण्याचं आणि नव्वद टक्के रस्त्याचं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दीड वर्षापूर्वी केलेला सिमेंट रस्ता आम्ही मधोमध फाडला. लोकांचा प्रश्न रास्त होता : पाइप टाकायचेच होते तर रस्ता आधी का केला? खरं उत्तर असं की रस्त्याचा निधी वेगळ्या योजनेतून आला, तो मार्चच्या आत खर्चायचा होता, आणि तेव्हा पाणी योजना कागदावर होती. हे उत्तर मी एका गल्लीत सरळ सांगितलं. लोक चिडले, पण माझ्यावर नाही. दुसऱ्या गल्लीत ठेकेदाराच्या माणसानं ‘विकासासाठी थोडा त्रास सहन करा’ असं सांगितलं, तिथे जेसीबीची चावी काढून घेतली.

आम्ही घंटागाडीचा भोंगा वापरायला लागलो. सकाळी कचरा न्यायला येते तीच गाडी, तोच आवाज, गाणं थांबवून मध्ये तीस सेकंदांची सूचना : उद्या अमुक गल्लीत खोदकाम, गाड्या बाहेर काढून ठेवा. दवंडीच, फक्त चाकांवरची. याचा जेवढा उपयोग झाला तेवढा फेसबुक पेजचा झाला नाही. पेजवर येणाऱ्या प्रतिक्रिया बहुतेक पुण्यात नोकरीला गेलेल्या मुलांच्या असायच्या.

आता माझी चूक.

जुनी मुख्य लाइन नव्या लाइनला जोडायची होती. अभियंत्यांनी सांगितलं, मंगळवारी सकाळी काम सुरू, बुधवारी संध्याकाळी पाणी सुरू. मी तसंच जाहीर केलं, तारीख-वारासकट, सगळीकडे. घंटागाडीवर, ग्रुपवर, चार दैनिकांत. मंगळवारी खड्ड्यात उतरल्यावर कळलं की जुनी लाइन नकाशात दाखवली आहे तिथे नाहीच. ती कुणी, कधी, कुठून वळवली याची नोंद नव्हती. शोधण्यात दोन दिवस गेले. जोडणी झाली तर सांध्यातून पाणी, म्हणून पुन्हा उपसा, पुन्हा जोड. ज्या भागाला आठव्या दिवशी पाणी यायचं होतं त्याला ते तेराव्या दिवशी आलं. त्या भागात गुरुवारी एका घरी लग्न होतं. मी जाहीर केलेल्या तारखेवर विसंबून त्यांनी टँकर सांगितला नव्हता.

नवरीचे वडील ऑफिसात आले. ओरडले नाहीत. माझ्या मोबाइलवरचा माझाच मेसेज मला वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं तर लिहायचं कशाला?" आणि गेले.

त्या रात्री मी जुने मेसेज काढून बघितले. गेल्या तीन महिन्यांत आम्ही दिलेल्या तारखांपैकी निम्म्याहून जास्त चुकल्या होत्या. सगळ्या तारखा मला ऑफिसातून मिळालेल्या. त्यातली एकही खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडून आलेली नव्हती.

*

खड्ड्यापाशी उभा असलेला माणूस म्हणजे वॉलमन. कागदावर ‘व्हॉल्व्ह ऑपरेटर’, पण गावात वॉलमनच. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी, सायकल नाहीतर लुना, आणि डोक्यात सगळ्या गावाचा नकाशा. कोणता वॉल किती फेरे उघडला की कोणत्या गल्लीच्या टोकाला पाणी पोचतं, कुणी नळाला थेट मोटार लावली आहे, जुनी लाइन कुणाच्या ओट्याखालून जाते. नकाशात नसलेली ती वळवलेली लाइनही आमच्या एका वॉलमन मामांना ठाऊक होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "साहेब लोकांच्या हातात नकाशा होता," ते म्हणाले, "मी कशाला मधी बोलू?"

मी अकरा वॉलमन मामा-दादांचा एक ग्रुप केला. नियम एकच : टाइप करायचं नाही, बोलायचं. सकाळी वॉल उघडल्यावर आणि बंद करताना दहा सेकंदांचा आवाज टाकायचा. पहिले पंधरा दिवस नुसते ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब आले. मग एकानं सुरू केलं : "झोन दोन सोडला, दाब कमी आहे, मारुती मंदिराच्या वर चढणार नाही." मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. चढाओढच लागली. मी त्यावरून सूचना लिहायला लागले. तारीख द्यायची ती वॉलमन हो म्हणाला तरच. नाहीतर लिहायचं : ‘जोडणी सुरू आहे. आज पाणी येणार नाही. उद्याचं उद्या सकाळी आठ वाजता सांगू.’ आणि आठ वाजता खरंच सांगायचं, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

साहेबांना ‘येणार नाही’ हे शब्द खटकले. ‘विस्कळीत राहील’ लिहा, म्हणाले. मी दोन वेळा ‘विस्कळीत’ लिहिलं. दोन्ही वेळा ऑफिसचा फोन दिवसभर वाजला : विस्कळीत म्हणजे येणार की नाही? तिसऱ्या वेळी साहेबांनीच सांगितलं, "लिहा तुमच्या भाषेत."

*

दाबाबद्दल दोन ओळी, कारण यावरून गावात सगळ्यात जास्त भांडणं झाली. पाणीपुरवठ्याच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत एकमजली घरापाशी नळाला सात मीटर दाब, म्हणजे पाणी सात मीटर उंच चढेल इतका, मिळावा असं धरलेलं होतं. आमच्याकडे कित्येक गल्ल्यांत तो जेमतेम नळाच्या तोंडापर्यंत. म्हणून लोक मोटार लावतात, मोटार लावली की पुढच्या घरचं पाणी तुटतं, मग पुढचाही मोटार लावतो. आणि पाणी आठवड्यातून एकदाच असल्यामुळे मधल्या दिवसांत लाइन रिकामी पडते. फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी तिच्यात शिरतं, आणि मोटार लागली की ते ओढलंच जातं.

हे मी पत्रकात लिहिलं होतं. कुणी वाचलं नाही. कळलं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. केंद्रानं ‘जल दिवाळी’ म्हणून देशभर बचत गटांच्या महिलांना जलशुद्धीकरण केंद्रं दाखवायचा कार्यक्रम काढला होता. वरून आलेला कार्यक्रम म्हणून मी आधी नाक मुरडलं. फोटो काढायचे, अहवाल पाठवायचा, नाश्ता द्यायचा, दुसरं काय. दिवाळी तोंडावर आलेली, बायका फराळ सोडून येतील कशाला? आल्या. एका बसऐवजी दोन बस कराव्या लागल्या.

आमचं केंद्र जुनं. तुरटीच्या लाद्या, वाळूचे थर, क्लोरीनचा वास. तिथल्या दादांनी एका काचेच्या भांड्यात धरणाचं गढूळ पाणी घेतलं, तुरटीचं पाणी घातलं, ढवळलं आणि ठेवून दिलं. गाळ खाली बसेपर्यंत कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "इथं इतकं नितळ, मग माझ्या घरी पिवळं का येतं?" तिला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण वॉलमन मामांनी मला थांबवलं. खिशातून पेन काढून त्यांनी नाश्त्याच्या कागदी प्लेटवर लाइन काढली, सांधा काढला, गटार काढलं, मोटार काढली. "ताई, तुमच्या गल्लीत मोटारी किती?"

त्या बसमध्ये परत येताना पाच-सहा बायकांनी आपसात ठरवलं की पाणी आल्यावर पहिला अर्धा तास गल्लीत कुणी मोटार लावायची नाही. ते सगळीकडे टिकलं नाही. दोन गल्ल्यांत टिकलं. त्या दोन गल्ल्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

मीटरच्या बाबतीत मात्र आम्ही हरलो. मीटर बसणार म्हटल्यावर अफवा उठली की हवेनंही मीटर फिरतं आणि बिल येतं. ही अफवा पूर्ण खोटी असती तर बरं झालं असतं. पाणी आठवड्यातून एकदा सोडल्यावर लाइनमधली हवा आधी बाहेर पडते आणि तिनं मीटर थोडं फिरू शकतं, हे अभियंत्यांनीच मला सांगितलं होतं. मग लोकांना काय सांगू? अफवांवर विश्वास ठेवू नका? मी लिहून दिलं की रोज पाणी सुरू होईपर्यंत मीटरवर बिल आकारणार नाही असं नगरपरिषदेनं लेखी द्यावं. तसं लेखी देण्याचा अधिकार कुणाचा, यावर फाइल फिरत राहिली. मी निघाले तेव्हाही फिरत होती.

*

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. दुसऱ्या दिवसापासून भूमिपूजनाचा कोनशिला-दगड गोणपाटात, फ्लेक्स खाली, वेबसाइटवरचे फोटो बंद. काम आधीच सुरू झालेलं असल्यामुळे ते चालू ठेवता येत होतं, पण गावाला दिसलं एवढंच की पाटी झाकली. ‘योजना बंद पडली’ ही बातमी एका संध्याकाळीत गावभर.

मी घंटागाडीची सूचनाही थांबवली होती, भीतीपोटी. मग निवडणूक कार्यालयात जाऊन विचारलं. पाणी कधी येईल हे सांगणं प्रचार आहे का? तिथल्या अधिकाऱ्यांनी माझा कागद वाचला आणि परवानगी दिली, अट अशी की योजनेचं नाव नको, बोधचिन्ह नको, कुणाचा फोटो नको, ‘आपल्या सेवेत’ वगैरे नको.

असा कागद छापायला पैसेही लागले नाहीत. पांढऱ्या ए-फोर कागदावर काळ्या अक्षरात : झोन, वार, अंदाजे वेळ, वॉलमनचा नंबर. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, मशिदीची कमान, बुद्ध विहाराचं फाटक, सगळीकडे चिकटवले. दोन महिन्यांनी गिरणीत गेले तर तो कागद पिठानं पांढरा झालेला, आणि गिरणीवाल्यानं जुना वार खोडून स्वतःच्या हातानं नवा लिहिलेला. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर थोडी खूशच झाले.

*

मधल्या काळात एका दैनिकात मथळा आला : ‘पाणी योजनेचे कोट्यवधी पाण्यात’. आत लिहिलेलं होतं की मंजूर झालेले पैसे गेले कुठे. ऑफिसात खळबळ. खुलासा काढा, खुलासा काढा. मी बातमी पुन्हा वाचली. त्या वार्ताहराची चूक नव्हती. त्यानं माझीच पहिली प्रेसनोट जपून ठेवली होती आणि तिच्यातल्या कोटींना रस्त्यावर दिसणाऱ्या पाइपांनी भागलं होतं. त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

साहेबांनी बोलावलं. चष्मा डोळ्यांवरच होता. "ते तुमचं फळ्याचं काय होतं?"

नगरपरिषदेची एक शाळा पटाअभावी बंद झाली होती, तिथून खरा लाकडी फळा आणला. तीन रकाने : मंजूर, प्राप्त, खर्च. मंजूर शंभर, हे लिहून त्याभोवती चौकट केली. बाकीचे दोन आकडे दर सोमवारी लेखा विभागाचे बाबू स्वतः खडूनं लिहायचे, कारण अक्षर त्यांचं चांगलं होतं आणि जबाबदारीही त्यांचीच होती. पहिल्या सोमवारी प्राप्तच्या खाली दोन आकडीच पण फार लहान आकडा बघून लोक थांबले. वार्ताहर आला, त्यानं फोटो काढला. दुसऱ्या दिवशीची बातमी आमच्या बाजूची नव्हती, विरोधातलीही नव्हती. पैसे किती आले हे तिच्यात बरोबर होतं. खिडकीशी येणाऱ्यांचा प्रश्नही हळूहळू बदलला. ‘पैसे खाल्ले का’ कमी झालं, ‘दुसरा हप्ता कशात अडकला’ वाढलं. एका रिक्षावाल्या दादांनी मला उपयोगिता प्रमाणपत्राबद्दल विचारलं तेव्हा मी चहा पीत होते, तो ठसक्यानं बाहेर आला.

चौथा रकाना माझ्या डोक्यातून आलेला नाही. एके सोमवारी वॉलमन मामा फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग खडू मागितला, खर्चच्या उजव्या बाजूला एक वाकडी रेघ मारली आणि वर लिहिलं : ‘नळाला’. खाली भलंमोठं शून्य.

साहेबांनी जाता-येता बघितलं. पुसायला कुणी सांगितलं नाही.

*

माझा शेवटचा करार संपला तेव्हा एक मोठी टाकी उभी राहिली होती, दुसरीचे खांब झाले होते, आणि चौथ्या रकान्यात शून्यच होतं. निरोपाला नारळ आणि शाल मिळाली. टेबल मिळालं नाही ते शेवटपर्यंत नाही, पण खोकी तेवढी हलवून दिली होती. मी परत बातम्यांकडे वळले. वॉलमनच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं राहून गेलं.

मध्यंतरी एका पहाटे पावणेपाचला फोन वाजला. मामांचा आवाज, मागे पाण्याचा खळाळ इतका की शब्द नीट कळेनात. दोनदा ऐकलं. "ताई, नव्या टाकीवरून झोन चारला सोडलं. दाब बरा आहे. पण लाइन नवी आहे, पहिला अर्धा तास लाल येईल, माती धुतली जातीय. पिण्याला भरू नका म्हणून टाका."

मी आता तिथे कामाला नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी दात न घासता, आहे तसं, झोन चारच्या ग्रुपवर टाकलं.